चढ आधी, उतार नंतर : पणजी पायी बघताना



गेले दोन महिने गटाच्या बैठकीला गेले की एकच प्रश्न येतो. "ताई, तुम्ही बायका गोव्याला गेला होता म्हणे. समुद्र बघितला का?" खरं सांगते, समुद्र आम्ही संध्याकाळी अर्धा तास बघितला. दिवसभर आम्ही पणजी शहर बघितलं, आणि तेही पायी. त्यावर एक वहिनी म्हणाल्या, "शहर काय बघायचं? शहर तर आता आपल्या दारातच आलंय." त्यांचंही खोटं नाही. म्हणून आजच्या बोलण्यात तेच सांगते. डोंगरउतारावरचं, रंगीत घरांचं, बंदराचं शहर पायी कसं बघायचं, ते तसं का वसलं, आणि आपल्या गटानं जायचं ठरवलं तर तयारी काय करायची.

आधी आपल्या चालण्याबद्दल दोन शब्द. आपण चालत नाही असं नाही. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, या सगळ्या पट्ट्यातल्या बायका रोज चालतात. कुणी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला, कुणी पॅकिंगच्या कामाला, कुणी सहाआसनी रिक्षाच्या थांब्यापर्यंत. पण ते चालणं कसलं? एका अंगाला कंटेनर, दुसऱ्या अंगाला गटार, पदर नाकाला आणि नजर पायाखाली. त्या चालण्यात पोचणं असतं, बघणं नसतं.

आमच्या गटातल्या एक मावशी साठीच्या पुढे आहेत. आळंदी त्यांच्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर, पण वारीला त्या कधी गेल्या नाहीत. "म्हशी होत्या, कुणावर टाकून जाऊ?" म्हणतात. सहलीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "काम नसताना मी आजवर चालले नाही. ते कसं असतं तेवढं एकदा बघायचंय." आमची सहल त्या एका वाक्यावर ठरली.

पणजी निवडली त्याला कारण होतं. ते शहर लहान आहे. २०११ च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती. त्याच वर्षी आपल्या चाकणची ४१ हजारांच्या आसपास होती. म्हणजे राजधानीचं शहर, पण माणसं चाकणएवढी. एका दिवसात पायी बघून होतं.

शहर तिथेच का वसलं

कुठलंही गाव बघायला गेलं की पहिला प्रश्न विचारायचा, हे गाव इथेच का? आपलं गाव बहुधा नदी, विहीर किंवा बाजाराच्या वाटेवर असतं. बंदराच्या गावाला तीन गोष्टी लागतात. जहाजं उभी करायला शांत पाणी, लांबवर नजर ठेवायला उंच जागा, आणि प्यायला गोडं पाणी. पणजीत तिन्ही आहेत.

मांडवी नदी, जिला वरच्या अंगाला म्हादई म्हणतात, ती समुद्राला मिळण्याआधी रुंद होते. तिच्या डाव्या काठावर पणजी आहे. समोर उघडा समुद्र नाही, नदी आहे. त्यामुळे होड्यांना आडोसा मिळतो. काठाला लागूनच एक टेकडी उभी आहे, तिचं नाव आल्तिनो. शहर म्हणजे या टेकडीभोवती गुंडाळलेलं वस्त्र समजा. वर टेकडी, पायथ्याशी घरं आणि खाली पाणी.

आता गोड्या पाण्याचं. समुद्राजवळ खाऱ्या पाण्याची कमी नाही, प्यायचं पाणी मिळणं अवघड. इथे जांभा दगड कामाला येतो. आपल्याकडचा काळा पाषाण घट्ट असतो, पाऊस त्याच्यावरून वाहून जातो. जांभा लाल आणि भोकाभोकांचा, पोळ्यासारखा. पावसाचं पाणी टेकडीच्या माथ्यावर मुरतं, सावकाश खाली झिरपतं आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. पणजीतल्या सगळ्यात प्रसिद्ध रंगीत वस्तीचं नाव फोन्तेन्हास. पोर्तुगीज भाषेत 'फोन्ते' म्हणजे झरा. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून वस्तीला नाव पडलं. नदीच्या पलीकडे मुखाशी आग्वादचा किल्ला आहे. 'आग्वा' म्हणजे पाणी. तिथल्या झऱ्यावर जहाजं पाणी भरून घेत. म्हणजे बाई असो की जहाज, पाणी असेल तिथेच थांबायचं.

फोन्तेन्हासला लागूनच दुसऱ्या वस्तीचं नाव 'मळा' आहे. हे नाव ऐकून आमच्या बायका हसल्याच. इतक्या लांब येऊनही मळाच! या मळ्यातून पायऱ्या चढून गेलं की टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ लागतं.

थोडा इतिहास, म्हणजे दगड बोलतील

नदीकाठी एक मोठी, उतरत्या कौलांची इमारत दिसते. तो मूळचा विजापूरच्या आदिलशहाचा वाडा. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतलं. तेव्हा पणजी हे मोठं शहर नव्हतं. पोर्तुगिजांची राजधानी नदीच्या वरच्या अंगाला, आज ज्याला जुनं गोवं म्हणतात तिथे होती. पण तिथे साथीच्या रोगांनी माणसं पटापट मरू लागली. मग लोक खालच्या बाजूला सरकले. १७५९ साली व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगीज राजाचा प्रतिनिधी, या आदिलशाही वाड्यात राहायला आला. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

शहर वाढवायचं तर जमीन हवी. टेकडीखालची बरीच जागा दलदलीची आणि भरतीचं पाणी शिरणारी होती. ती भर घालून वर आणली. त्याही आधी, १६३३-३४ च्या सुमाराला, पणजी ते रायबंदर अशी सुमारे ३.२ किलोमीटर लांबीची दगडी पुलवाट बांधली होती. खाली दलदल आणि मिठागरं, वरून रस्ता. त्या काळी आशियातल्या लांब पुलांमध्ये तिची गणना होती, आणि तिच्यावरून आजही वाहनं जातात.

हे कशाला सांगते? कारण चालताना याचा उपयोग होतो. पणजीत सपाट रस्ता लागला की समजायचं, इथे कधीकाळी चिखल किंवा पाणी असणार. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळेला आली की खालच्या भागात, मळ्यात सुद्धा, अजूनही पाणी साचतं, कारण नदी ते आत घेत नाही. उंचसखल गावात पाण्याची वाट ओळखता आली की गाव ओळखता येतं. आपल्याकडे ओढे बुजवून शेड उभ्या राहिल्या आणि आता पहिल्याच पावसात रस्त्याचा ओढा होतो. त्याचं गणितही हेच आहे.

रंगांचं गुपित

आम्ही सकाळी लवकर बसस्थानकावर उतरलो. तिथून खाडीचा पूल ओलांडला की फोन्तेन्हास. पहिलं वळण घेतलं आणि सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. एक घर निळं, शेजारचं पिवळं, पुढचं गेरूच्या रंगाचं, मग हिरवं. खिडक्यांच्या चौकटींना पांढरे पट्टे, वर लाल कौलं, पुढे झुकलेले सज्जे आणि त्यांना लोखंडी नक्षीचे कठडे. गल्ल्या अशा अरुंद की दोघींनी हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतील असं वाटावं.

रंग नुसता हौसेचा नाही. घरं जांभ्याची. जांभा उघडा ठेवला की पावसानं झिजतो, आणि इथे वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वरून चुन्याचाच हात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आतली ओल बाहेर निघून जाते. पण पावसाळा संपला की त्या भिंतीवर काळसर शेवाळ धरतं, मग पुन्हा रंग द्यावा लागतो. चुन्यात नीळ घातली की निळा रंग, गेरू घातला की तांबडा आणि पिवळी माती घातली की पिवळा. आपल्या आज्या-पणज्यांनी दिवाळीआधी ओटा सारवून गेरू-चुन्याचे पट्टे ओढले, त्यातलाच हा प्रकार. पोर्तुगीज राजवटीत दर वर्षी पावसाळ्यानंतर घर रंगवण्याचा दंडक होता आणि संपूर्ण पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असं तिथले लोक सांगतात.

जुन्या घरांच्या काही खिडक्यांकडे नीट बघा. काचेऐवजी चपटे शिंपले बसवलेले दिसतील. काच महाग होती आणि शिंपले खाडीत मिळत होते. त्यातून उजेड आत येतो, पण ऊन टोचत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. एक काकू म्हणाल्या, "हे कुण्या बाईनंच शोधलं असणार."

डोंगरउतारावरची रंगीत बंदरं जगात आणखीही आहेत. पोर्तुगालची राजधानी लिस्बन तशीच आहे. दक्षिण अमेरिकेत चिली देशात वालपाराईसो नावाचं बंदर आहे, ते तर रंगांसाठीच ओळखलं जातं. २००३ साली युनेस्कोनं त्याच्या जुन्या भागाला जागतिक वारसा म्हटलं. तिथे चढ इतके उभे की लोकांना वर नेणारे पाळणे रुळावरून ओढले जातात. पणजीत तशी वेळ येत नाही, आपले गुडघे पुरतात.

दारात बसलेल्या आम्ही

आता एक गोष्ट सांगते, जी मला सांगायला जड जाते. फोन्तेन्हासमध्ये एका पिवळ्या घराला तीन सुंदर पायऱ्या होत्या. वर फुलांच्या कुंड्या. आम्ही सात-आठजणी त्या पायऱ्यांवर बसलो, मोबाइल एका मुलीच्या हातात दिला, हसलो, पदर सारखे केले, एक कुंडी जरा बाजूलाही सरकवली. तेवढ्यात दार उघडलं. आतून एक वयस्क आजी आल्या. हातात भाजीची पिशवी. त्यांना बाहेर जायचं होतं आणि वाटेत आम्ही. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हें आमचें घर. शुटिंगाची सुवात न्हय." हे आमचं घर आहे, फोटोची जागा नाही.

आम्ही उठलो. मावशींनी कुंडी जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, चुकलं आमचं." मग त्या आजी मराठीत बोलल्या. रोज सकाळपासून लोक येतात, दाराशी बसतात, खिडकीत डोकावतात. कुणी लग्नाचे फोटो काढतं, कुणी गाणी लावतं. आजारी माणूस आत झोपलेलं असतं. मग मी आजूबाजूला बघितलं. कितीतरी दारांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या होत्या. आम्ही रंग बघत होतो, पाट्या बघितल्याच नव्हत्या.

पुढच्या वळणावर आम्ही थांबलो तेव्हा गटाच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "आपल्याकडे पाहुणे येतात तेव्हा काय होतं आठवतंय का?" सगळ्यांना आठवलं. आपण पापड लाटत असतो, साहेब लोक गाडीतून उतरतात, न विचारता फोटो काढतात, 'जरा इकडे बघा' म्हणतात आणि जातात. तो फोटो कुठे छापला गेला, कुणी बघितला, आपल्याला कळतही नाही. त्याचा आपल्याला राग येतो. आणि आज आम्ही तेच केलं होतं, कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसून.

तेव्हापासून आम्ही तीन नियम केले. माणूस दिसला तर विचारल्याशिवाय फोटो नाही. कुणाच्या पायरीवर, ओट्यावर बसायचं नाही, बसायला बाग आहे आणि देवळाचा कट्टा आहे. आणि गल्लीत आवाज बेतानं. हे नियम मी पहिल्यांदा सांगायला हवे होते, सहयोगिनी म्हणून ते माझं काम होतं. ते राहून गेलं. तुम्ही जाल तेव्हा राहू देऊ नका.

चढ आधी

उंचसखल शहरात चालायची एक सोपी रीत आहे. सकाळी ऊन नसतं आणि पाय ताजे असतात, तेव्हा चढ घ्यायचा. दुपारी उतरायचं. संध्याकाळी सपाटीवर, पाण्याच्या काठाला यायचं. आम्ही फोन्तेन्हास आणि मळा करून मारुतीच्या पायऱ्या चढलो. मावशींचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनाच सगळ्यांच्या पुढे ठेवलं. हळू चालणारी मागे राहिली की ती धापा टाकत गाठायला बघते आणि पोचते तोवर बाकीच्या निघालेल्या असतात, तिला विसावा मिळतच नाही. ती पुढे असली की सगळ्यांची चाल तिच्यासारखी होते. पायऱ्या चढताना दहा पायऱ्यांनी थांबायचं. उतरताना गुडघेदुखी असेल तर जरा तिरकं, कठड्याला धरून उतरायचं.

देवळाच्या अंगणातून खाली कौलांचा समुद्र दिसतो. त्यापुढे खाडी, तिच्या काठाची कांदळवनं, त्यापुढे नदी. मावशी कट्ट्यावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मी विचारलं, "दमलात का?" म्हणाल्या, "नाही गं. कुणी हाक मारत नाहीये, ते ऐकतेय."

टेकडीच्या दुसऱ्या अंगाला उतरलं की पणजीचं महालक्ष्मी मंदिर आहे. ते १८१८ सालचं. पोर्तुगीज राजवटीत पणजीत देऊळ बांधायला मिळालेली ती पहिली परवानगी, असं सांगतात. आम्ही तिथे ओटी भरली. मग चर्चच्या चौकात आलो. चर्च पांढरंशुभ्र आणि त्याच्यापुढे नागमोडी पायऱ्यांचे जिने. मूळचं छोटं प्रार्थनाघर १५४१ सालचं, पुढे सतराव्या शतकात ते मोठं केलं. त्या काळी लिस्बनहून आलेले खलाशी आधी इथे येऊन सुखरूप पोचल्याचे आभार मानत आणि मग पुढे जुन्या गोव्याकडे जात. वरची मोठी घंटा जुन्या गोव्याच्या पडक्या झालेल्या ऑगस्टिनियन मठातली आहे, ती १८७१ साली इथे आणली. एक शहर ओस पडलं, त्याची घंटा दुसऱ्या शहरात वाजते. ८ डिसेंबरला इथे मोठा सण असतो.

नदीकाठी

उतरून नदीकडे गेलो. आदिलशाही वाड्याजवळ एक पुतळा आहे. एक माणूस दोन्ही हात पसरून उभा आणि त्याच्या पुढ्यात एक बाई मागे कलंडलेली. आमच्यातल्या एकीला वाटलं, हा कुणी मांत्रिक. ते आबे फारिया. १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मले, पुढे पॅरिसला गेले. माणसाला बोलण्यानं गुंगीत नेण्याची विद्या, जिला संमोहन म्हणतात, तिचा त्यांनी अभ्यास केला. त्या काळी लोक समजत की समोरच्याच्या हातात काही शक्ती असते. फारियांनी सांगितलं, शक्ती हातात नाही, गुंगीत जाणाऱ्याच्या स्वतःच्या मनात आहे. त्याची अपेक्षा, त्याचा विश्वास, तेच काम करतं. हे ऐकल्यावर एक वहिनी हळूच म्हणाली, "म्हणजे अंगात येतं ते पण…?" मी म्हटलं, "तुम्हीच विचार करा." परतीच्या गाडीत या एका विषयावर दोन तास बोलणं चाललं. हा पुतळा १९४५ साली बसवला, आणि घडवणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत गोव्याचेच.

मग आम्ही धक्क्यावरून फेरीबोटीत बसलो. पणजीहून पलीकडे बेतीला बोट जाते. पायी चढणाऱ्याला तिकीट पडत नाही. बोटीत भाजीवाल्या, शाळेची मुलं, कामावरून परतणारे लोक आणि दुचाक्या होत्या. डोक्यावर पूल दिसतात. १९८६ सालच्या जुलैत इथला जुना पूल कोसळला, तेव्हा नवा होईपर्यंत फेरीबोटींनीच दोन्ही काठ जोडून ठेवले. आता तीन पूल आहेत, तिसरा २०१९ सालचा. नदीत जुगाराच्या मोठ्या बोटीही उभ्या दिसतात, रात्री त्यांचे दिवे लखलखतात. आम्ही त्या लांबूनच बघितल्या. एकेकाळी मुंबईची आगबोट कोकणातली बंदरं घेत घेत याच धक्क्याला लागायची.

वाट चुकायची भीती मला सकाळी होती. दुपारपर्यंत ती गेली, कारण अशा शहराचा नियम सोपा असतो. पाणी खाली असतं. वाट चुकलात तर उताराला लागा, नदी किंवा खाडी येणारच, आणि काठाकाठानं गेलात की मुक्कामावर.

तयारी

आता हिशोबाचं. आम्ही चौदाजणींनी दीड वर्ष महिन्याला शंभर रुपये बाजूला काढले. प्रत्येकीचे १८०० आणि गटाचे मिळून २५,२०० रुपये झाले. हे पैसे गटाच्या बचतीत आणि अंतर्गत कर्जात मिसळले नाहीत. वेगळी वही, वेगळी पावती. सहल झाल्यावर उरलेले पैसे वहीत लिहून परत वाटले. एखादीनं मध्येच पैसे मागितले तर तिला तिचे परत द्यायचे, हे आधीच ठरावात लिहिलं होतं. त्यामुळे वाद झाला नाही.

पुण्याहून गोवा एक्स्प्रेस मिरज, लोंढामार्गे मडगावला जाते. मडगावहून पणजीला कदंबा महामंडळाच्या बस आहेत. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चालायला बरा. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाय सटकतो. चप्पल मागे पट्टा असलेली आणि महिनाभर वापरलेली हवी, नवी नको. आमच्यातल्या एकीनं सहलीसाठी म्हणून नवी घेतली आणि दुपारी ती हातात घेऊन चालली. साडी चालते, जरा वर खोचायची. पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी. आणि बायकांच्या सहलीत जे कुणी बोलत नाही ते मी बोलते. स्वच्छतागृह कुठे आहे हे सकाळी निघतानाच विचारून घ्यायचं. बसस्थानक, बाजार अशा जागा टिपून ठेवायच्या. नाहीतर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

जोड्या लावायच्या. आपल्या जोडीदारणीला सोडायचं नाही. एक थांब्याची जागा ठरवायची, आमची चर्चपुढची बाग होती. मोबाइल संपला तरी सगळ्यांनी तिथे यायचं. आणि दिवसात दोन तास मोकळे ठेवायचे, ज्यात काहीच ठरवलेलं नाही. आम्हाला सगळ्यात जास्त त्याच दोन तासांत दिसलं.

परत आल्यावर

घरी आल्यावर पुढच्या बैठकीत मावशींनी विचारलं, "आपल्या चाकणात असं चालता येईल का?" सगळ्या हसल्या. मग एका रविवारी सकाळी आम्ही खरंच निघालो. चक्रेश्वराचं दर्शन घेतलं आणि तिथून संग्रामदुर्गाकडे गेलो. याच लहानशा भुईकोटात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या मोठ्या फौजेला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं. चौदाजणींपैकी नऊजणींनी तो किल्ला पहिल्यांदाच बघितला, जन्म इथे काढून. पडका बुरूज, बुजत आलेला खंदक आणि पलीकडे ट्रकांचा आवाज. एका बुरुजापाशी एक आजीबाई शेळी चारत होत्या. फोटो काढायच्या आधी आम्ही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "शेळीचा काढा, माझा नको." आम्ही शेळीचा काढला.

त्या दिवशी आमच्या गावापासून कंपन्यांच्या रस्त्यापर्यंतचं अंतरही आम्ही मोजलं. कुठे दिवा नाही, कुठे चालायला कडेला जागा नाही, कुठे गटारावर फरशी नाही, हे वहीत लिहिलं. पहाटे आणि रात्री कामावर जाणाऱ्या बायका किती, तेही लिहिलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते ना, तिथे तो कागद मांडायचा असं ठरलंय. आधी आम्ही नुसतं म्हणायचो, "रस्ता वाईट आहे." आता कुठला खांब, कुठला वळसा, कुठली फरशी, हे सांगता येतं, कारण ती वाट आम्ही कामाची घाई नसताना चाललो.

तुमच्या गटानं पणजी करावी असं माझं म्हणणं नाही. रत्नागिरी करा, वेंगुर्ला करा, नाहीतर तालुक्याचं गाव करा. पण एक दिवस ठरवा, ज्या दिवशी कुठे पोचायचं नाही. चढ आधी घ्या, उतार नंतर. आणि जिला जमत नाही असं वाटतं, तिला पुढे ठेवा.

पुढच्या सहलीचा फंड आम्ही याच महिन्यापासून सुरू केलाय. पहिले शंभर रुपये मावशींनी दिले.